भाचीचे सहा महिने

माझी भाची बीए झाली आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत लागली. ही राज्य सरकारची २०२४ ची योजना, ऑफिसात काम शिकायचं आणि विद्यावेतन मिळवायचं, बारावीवाल्यांना महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये, थेट खात्यात. आधी ६ महिने होती, मग वाढवून ११ केली.

तिला तालुक्याच्या एका ऑफिसात टाकलं. सुरुवातीला नुसतं झेरॉक्स आणि टपाल, पण तिथल्या एका बाईंनी तिला शेजारी बसवून आवक-जावक रजिस्टर शिकवलं, नंतर एक्सेल, आणि आता ही पोरगी नस्ती म्हणजे फाईल उघडून तारीख न बघता सांगते कुठलं पत्र कधीचं ते, खरंच कौतुक वाटतं मला!

पण दोन महिने पैसेच आले नाहीत. हजेरी वेळेवर ऑनलाइन भरलीच नव्हती म्हणे. रोजचं एसटीचं भाडं ताईने भिशीच्या पैशातून दिलं.

मला योजना चांगलीच वाटते. फक्त हजेरी भरली की नाही हे पोरांना मोबाईलवर दिसू दे ना, आणि अकरा महिन्यांनंतर पुढे काय हे पहिल्याच दिवशी सांगा. आत्ता ती रोज रात्री सरळसेवेचा, म्हणजे सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, कारण तिथे कायम करणार नाहीत हे तिला माहितीये.