बकरीनं पास केलेलं अंगण

आमचं अंगण एवढंसं, दोन खाटा टाकल्या की भरून जाते. ते सजवायचं म्हणून मोबाईलवर फोटो पाहायला बसलं की मोठमोठ्या पानांची झाडं, पांढऱ्या कुंड्या, लाकडी झोका, खाली मऊमऊ गवत. छान दिसते, नाही कोण म्हणते! पण तो फोटो यवतमाळ जिल्ह्यातला तर नक्कीच नाही, कारण त्यात कुठं एकही बकरी दिसत नाही.

गावात अंगणात काय ठेवायचं हे आपण ठरवतच नाही. ऊन ठरवते, अन् शेजारची बकरी ठरवते. फाटक लावा, तुराट्यांचं कुंपण करा, ती येतेच. जास्वंदाच्या कळ्या, शेवंतीचे शेंडे, गुलाब काट्यासकट, बोगनवेल सुद्धा. मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे खूर ओट्यावर टेकवते, आधी ओठानं पान चाचपते मग मान तिरपी करून असं ओढते की जसं काही तिच्यासाठीच ताट वाढून ठेवलं होतं. सदाफुलीला मात्र एकदा तोंड लावते अन् सोडून देते, पान कडू. (ह्याच सदाफुलीपासून विनक्रिस्टिन अन् विनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं निघाली, आणि आमच्याकडे ती नालीच्या कडेला फुकटात उगवून राहिली.) कण्हेरीला पण बकरी शिवत नाही, पण ती मुळापासून पानापर्यंत विषारी अन् घरात रांगणारं पोरगं, म्हणून नको म्हटलं.

उन्हाचं तर विचारूच नका. नागपुरात 2013 च्या मे मध्ये पारा 47.9 वर गेला होता, आणि इकडे 44-45 म्हणजे कोणी बातमी पण समजत नाही. 25 मे च्या आसपास नवतपा लागला की नर्सरीतून आणलेलं नाजूक पान दुपारपर्यंत पापड होते. तेलाचे रिकामे पिपे फुकटात भेटतात म्हणून सगळे त्यातच झाडं लावतात, पण पत्रा असा तापतो की मुळंच शिजतात, म्हणून माझं मत मातीच्या कुंडीलाच, फुटली तर फुटली. आणि वावरातली काळी माती नुसती भरू नये बरं का. सुकली की ती कडेनं सुटते, बोटभर फट पडते, वरून गडवाभर पाणी घातलं तर सगळं त्या फटीतून खाली, मधला गोळा कोरडाच्या कोरडा! रेती अन् कुजलेलं शेणखत मिसळलं तरच जमते.

सासूबाईंना हा सगळा खटाटोपच पटत नाही. स्नेक प्लांट आणला तर म्हणे, "कायले इकत आणलं व बाई हे? ना फूल, ना भाजी." पण तोच टिकला, तो अन् कोरफड. दोघंही पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतात, रात्री उघडतात, म्हणून पाणी उडत नाही. आमच्या गावातली माणसं पण मे महिन्यात तेच करतात, दार लावून दुपारभर आत. मनीप्लांटला कुलरच्या मागची सावलीतली जागा दिली, तिथं पाणी ठिबकत असते. फक्त टाकी धुतल्याचं पाणी कुंडीत ओतायचं नाही, आमचं बोअरचं पाणी जड, पाणी उडून जाते अन् खाली पांढरा क्षार जमून राहते.

गोकर्णाची वेल मात्र उंच छपरीच्या बल्लीवर चढवली. ती चाऱ्यासाठी पण लावतात, त्यामुळे बकरीला तरी कोणत्या तोंडानं बोलायचं! वरून निळ्या फुलांची झालर उतरते, अन् जिथवर बकरीची मान पोचते तिथं अगदी एका रेषेत कापलेली. मागे नागपूरचे पाहुणे आले होते ते विचारत होते, कटिंग कोणाकडून करून घेता म्हणून.