संकष्टीला समुद्र

पहाटे चारला सोलापूर सोडलं, ताम्हिणी उतरलो आणि अडीचच्या सुमारास हरिहरेश्वर. दर्शन घेऊन प्रदक्षिणेच्या पायऱ्यांकडे वळलो, तर एकाने हात आडवा केला. "भरती आहे. आता खाली जायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. दहा तास गाडी हाकून आलोय! हुज्जत घालणार तेवढ्यात त्याने आईला विचारलं, "काकू, आज उपास असेल ना?"

"संकष्टी आहे की."

"मग झालं. तिथीची पाऊणपट करा. चार पाऊणे तीन. तीनला भरती पुरी."

अप्पा एकदम खूश. छड्या खाऊन पाठ केलेली पाऊणकी पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कामाला आली. तिथेच उभ्याने सुरू झाले: अष्टमी सहा, एकादशी सव्वाआठ. आमच्या घरी तिथी बघायची ती साबुदाणा भिजवण्यासाठी. समुद्रही तिच्यावर चालतो हे आम्हाला कोण सांगणार? आमचं पाणी पाठ फिरवून भीमेतून कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात जातं. इथे डोंगराच्या कुशीत समुद्राला मिळणारी सावित्री मात्र कृष्णेसारखीच महाबळेश्वरची.

रात्रीची आमटी इतकी गोड, की डब्यातली शेंगाचटणी नसती तर उपाशी झोपलो असतो. नऊच्या पुढे मागच्या डोंगरावर चंद्र आला, आईने नैवेद्य दाखवला. समोर पाहतो तर समुद्र केव्हाच लांब गेलेला.

सकाळी साडेनऊला, ओहोटीत, त्याच पायऱ्या उतरलो. दोन कड्यांमधली अरुंद चीर, आणि खाली एकदम उघडा, लाटांनी कापून सपाट केलेला खडक. खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात नखाएवढे खेकडे. पण मी अडकलो तो कड्यापाशी. अख्खी भिंत मधाच्या पोळ्यासारखी पोखरलेली, भोकाला भोक लागून, मधल्या भिंती भाकरीच्या पापुद्र्याएवढ्या. दगड आपलाच. सोलापुरात काळी माती संपली की मुरूम आणि मुरमाखाली लागतो तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्याकडे विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो, त्याची इथे ही चाळण!

अप्पांनी एका भोकात बोट फिरवून जिभेला लावलं. "मीठ आहे की बे!"

तेच ते. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हात पाणी उडून जातं, मिठाचे खडे धरतात आणि आतून दगडाचा कण कण उचकटून काढतात. खळगा झाला की त्यात ओल जास्त टिकते, मग तोच आणखी खोल जातो.

आई दोनदा म्हणाली, चला आता. मी तासभर हललो नाही. कालच्या माणसाशी भांडणार होतो हे आठवून लाजही वाटली.

वर येताना पायऱ्यांवर एक कुटुंब उतरताना भेटलं. अप्पांनी हात आडवा करून त्यांना आधी तिथी विचारली.