तुम्ही विचारलंत म्हणून: कावीळ आणि कोवळं ऊन

"बाळ पिवळं दिसतंय. सकाळी कोवळ्या उन्हात धरलं तर उतरेल ना?" मी नवजात विभागात नर्स आहे म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. 'काहीतरीच काय!' असं मी म्हणत नाही, कारण कावीळ उतरवायला आम्ही बाळांना ज्यांच्याखाली ठेवतो ते निळे दिवे आले तेच मुळी उन्हातून.

इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा पिवळेपणा ओसरलेला, फक्त चादरीचा कोपरा होता तिथे पिवळाधमक त्रिकोण! पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातलंही बिलिरुबिन (कावीळीत अंग पिवळं करणारं द्रव्य) घटलेलं निघालं आणि १९५८ मध्ये डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्याचा उपचार मांडला. (आधी दिसलं ते सिस्टरना, हे मी आवर्जून सांगते.)

बाळाचं यकृत अजून पुरतं तयार नसतं, म्हणून बिलिरुबिन साचतं. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याच्या रेणूची रचनाच बदलतो, मग ते यकृतासाठी न थांबता पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. दिव्याखाली हा प्रकाश मोजून देता येतो. उन्हाचं माप कोण घेणार? शिवाय उघडं बाळ गारठतं, नाहीतर तापतं, आणि अतिनील किरण कातडीला लागतात ते वेगळेच. पण मला खरी धास्ती वाटते ती उन्हाच्या भरवशावर वाया जाणाऱ्या दिवसांची. बिलिरुबिन फार चढलं तर मेंदूत शिरतं. ऐकू येणं जातं, हालचाली बिघडतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. दिव्यानेही आटोक्यात येत नसेल तर बाळाचं रक्तच बदलावं लागतं.

बहुतेक बाळांना यातलं काही लागत नाही. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा अंगावर पाजा, वरचं पाणी नको. मात्र पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा बाळ दूध ओढेना, उठवून उठेना, तर लगेच दवाखाना गाठा. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली तर रक्त तपासून घ्या. शी पांढुरकी असेल तर तेवढंही थांबू नका: पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते, आणि त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता जास्त.