फडताळातला डबा

भाकरी थापता यायची, पण फडताळातला डबा काढता येत नव्हता. दीड वर्ष आमच्या औशात ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक, गोळ्या, दोन इंजेक्शनं झाली. मग लातूरच्या फिजिओथेरपीवाल्या पोरीनं माझा उजवा हात धरून वर नेला, तो पार कानाला लागला. तिनं सोडला अन् हात धपकन खाली. “काकू, आखडलेला खांदा दुसऱ्यानं उचलला तरी वर जात नाही. आत काहीतरी तुटलंय.”

एमआरआयमध्ये रोटेटर कफचे, म्हणजे हात उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूंच्या पट्ट्याचे, दोन टेंडन (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) तुटून सांध्याच्या वाटीपर्यंत मागं सरकलेले, स्नायूत चरबी भरलेली. मी कुठं पडलेही नव्हते. 68 वर्षं वापरलेला खांदा, झिजला. शिवायची वेळ निघून गेली होती.

संभाजीनगरला दोन सर्जन गाठले. पहिल्यांनी बलून सुचवला. खांद्याच्या हाडांमधल्या फटीत तो सलाइन भरून उशीसारखा ठेवतात, वर्षभरात आपोआप विरघळतो. भाच्यानं व्हिडिओही पाठवला, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. दुसरे डॉक्टर म्हणाले, ब्रिटनमध्ये बलून अन् बलूनशिवाय नुसती दुर्बिणीनं आतली सफाई, दोन्ही ताडून बघितलंय, 2022 ला ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं: नुसती सफाई केलेले वर्षाअखेर बलूनवाल्यांपेक्षा बरे निघाले.

मग सफाईच करा की! तर तिनं ठणका कमी होतो, पण माझ्यासारखा लुळा पडलेला हात वर जाईलच असं नाही. मांडीतला पडदा लावणं, पाठीचा स्नायू वळवून जोडणं, हे बहुतेक तरण्या, सांधा शाबूत असलेल्यांसाठी. माझा एक्स-रे त्यांनी उजेडावर धरला. दंडाच्या हाडाचा गोळा वर सरकून खांद्याच्या छताच्या हाडाला घासत होता.

उरला रिव्हर्स, म्हणजे उलटा बसवलेला कृत्रिम सांधा. ग्रामाँ नावाच्या फ्रेंच सर्जनची 1985 ची युक्ती: गोळा खवाट्याला, वाटी दंडाच्या हाडाला. तुटलेल्या कफचं काम मग वरचा डेल्टॉइड स्नायू उचलतो. पैशाचं काय सांगू, एक म्हैस गेली.

सुरुवातीचे आठवडे हात झोळीत. पाठीमागं हात न्यायचा नाही, खुर्चीला रेटून उठायचं नाही, सांधा निखळतो. साडीचा पदर मागून ओढून घ्यायची सवय मोडताना जीव मेटाकुटीला आला.

आठ महिने झाले. शेंगदाण्याचा डबा मीच काढते. अंबाडा मात्र सून घालून देते, अन् रोज डावीकडं कललेला घालते.