रोजच्या फिरतीला छोटी एसयूव्ही: घ्यायची की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही असोत, लोकांचा प्रश्न एकच: रोजची तीस किलोमीटरची धाव, घरात चार-पाच माणसं, तर नवी छोटी एसयूव्ही घ्यावी का? यावर आधी मलाच विचारावं लागतं, तुमचा रस्ता कुठला?

टिळकवाडीतून उद्यमबागेत जाऊन संध्याकाळी परत, आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर, एवढंच असेल तर हॅचबॅक पुरते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात मात्र एसयूव्हीचे पैसे वसूल होतात. तिथं डांबराची कड तुटून बाजूपट्टी खाली गेलेली असते आणि लाल पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे ते वरून कळत नाही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, स्विफ्ट या हॅचबॅकचा १६३ मिलिमीटर, छोट्या एसयूव्हींपैकी ब्रेझाचा १९८, नेक्सॉनचा २०८. शिवाय पाच माणसं बसली, डिकीत तांदळाची दोन पोती पडली की कुठलीही गाडी खाली बसते. त्या वेळी हॅचबॅकचं पोट गावच्या स्पीडब्रेकरला घासतं.

क्लिअरन्स सगळे विचारतात, टायरची भिंत कुणी बघत नाही. टायरवर २१५/६० आर १६ लिहिलेलं असेल तर भिंत २१५ च्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. तेच २१५/५५ आर १७ असेल तर ११८. खड्ड्याच्या धारदार कडेवर गाडी आदळली की टायर कड आणि रिम यांच्यात चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाला काही करू शकत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून वरच्या व्हेरिअंटचं मोठं अलॉय दिसायला कितीही देखणं असलं तरी खानापूर तालुक्यासाठी मी लहान रिम आणि उंच टायरच सुचवीन.

आता इंजिन. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये जाते. किमती ताडून बघताना हे लक्षात असू द्या.

धाव वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या आत असेल तर डिझेल घेऊच नका. बीएस-६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जळायला तो चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी हायवेवर साठच्या वर सलग वीस मिनिटं तरी पळायला हवी. रोज गल्लीतून बाजार आणि शाळा एवढंच झालं तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी ओढत नाही. जळण्याची क्रिया सारखी अर्धवट राहिली तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसते. तसं दिसलं की गाडी लगेच सर्व्हिसला न्या.

पेट्रोलचा हिशेब सरळ आहे. वर्षाला ९,००० किलोमीटर. गावातल्या वापरात एसयूव्हीनं लिटरला १४ दिले आणि हॅचबॅकनं १८, तर फरक १४३ लिटरचा. लिटर शंभराच्या घरात धरला तर वर्षाला चौदा हजार जास्त. तेवढी तयारी ठेवा.

ऑटोमॅटिक हवी असेल तर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. पाच माणसं बसवून चढावर गाडी थांबवा, पुन्हा उचला. एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी ऑटोमॅटिक, मागे सरकते का, गिअर टाकताना झटका देते का, ते तिथंच कळेल. चोर्ल्याच्या घाटात ती मॅन्युअल मोडला टाकूनच चालवावी.

आणि पासिंगचं. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकात रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे १,२६,०००, वर उपकर वेगळा. महाराष्ट्रात ११ टक्के, ९९,०००. म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ घ्यावी असं बरेच जण म्हणतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. मग फॉर्म २८ भरून एनओसी, कर्ज असेल तर बँकेची संमती, इथला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे, आणि तिकडचा परतावा मिळवायला वेगळा अर्ज. बेळगावातच राहायचं असेल तर सरळ केए-२२ घ्या.

बुकिंगआधी टेप घेऊन घरचं गेट मोजा. ब्रेझा आरसे सोडून १,७९० मिलिमीटर रुंद आहे आणि शहापूरच्या काही गल्ल्यांत समोर रिक्षा आली की तेवढीही जागा उरत नाही. डिलिव्हरीआधी पाचही टायरवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. गाडी या महिन्याची आणि टायर वर्षापूर्वीचे निघाले तर बदलून मिळेपर्यंत उरलेली रक्कम भरू नका.