दिल्लीतले शायर एका दिवसात उरकत नाहीत

दिल्लीतल्या शायरांच्या कबरी बघायला 'एका दिवसात गालिब, खुस्रो, जौक, दर्द' असे बेत सगळीकडे फिरत असतात. त्यांच्या भरवशावर निघालात तर भर दुपारी पहाडगंजच्या मेन बाजारात घामाघूम उभे राहाल आणि संध्याकाळची कव्वाली हुकेल. दोन दिवस काढा. एक अख्खा निजामुद्दीन बस्तीला, म्हणजे सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याभोवतीच्या वस्तीला, दुसरा बाकीच्यांना. रविवारी बस्तीतली गालिब अकादमी बंद आणि सोमवारी जुन्या दिल्लीत बल्लीमारांतली गालिबची हवेली बंद, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकणाऱ्यांचा बेत आधीच फसलेला असतो. मे-जूनमध्ये जाऊच नका. दर्ग्याच्या फरशीवर अनवाणी चालायचं असतं.

पहिली फसगत मेट्रोत होते. गुलाबी मार्गावर निजामुद्दीनचं नाव लावलेलं स्टेशन आहे, पण ते सराय काले खाँला, रेल्वेरुळांच्या पलीकडे. दर्ग्यासाठी व्हायलेट मार्गावरचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम बरं. तिथून दीडेक किलोमीटर चाल. मुंबई, पुणे, गोव्याहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीन रेल्वे स्टेशनला संपतात. तिथूनही पायी जाता येतं, फक्त मथुरा रोड ओलांडणं जिकिरीचं आहे. पाठीवर सामान असेल तर रिक्षा करा, पण ॲपवर भाडं बघून मगच बसा.

आता दर्ग्याकडे जाणारी गल्ली. मथुरा रोडवरून बस्तीत शिरल्यावर दर्ग्याच्या अलीकडच्या टप्प्यात "जूते यहीं उतारिए, आगे मना है" अशा हाका सुरू होतात. विश्वास ठेवू नका. चपला दर्ग्याच्या दाराशी काढायच्या असतात, गल्लीच्या तोंडाशी नाही. दुकानदार चपला फुकट सांभाळतो, मग गुलाबाच्या पाकळ्यांचं तबक हातात येतं, त्यावर अगरबत्ती, त्यावर चादर, आणि भाव परतताना कळतो. तोवर चपला त्याच्या ताब्यात असतात. यावर साधा उपाय म्हणजे कापडी पिशवी. चपला तिच्यात घालून हातात ठेवा. डोकं झाकायला स्वतःचा रुमाल किंवा ओढणी न्या. फुलं घ्यायचीच असतील तर पैसे आधी द्या आणि बाकी मोजून घ्या.

आत गेल्यावर एखादा वही पुढे करतो. वरच्या ओळींत नावं आणि त्यांच्यापुढे हजारांचे आकडे. ते बघून ओशाळायचं कारण नाही. प्रवेशाला एक रुपयाही लागत नाही, वहीत लिहिण्याची सक्ती नाही. द्यायचे तर दानपेटीत टाका नाहीतर कव्वालांपुढे ठेवा. दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेवा. तिथे पाकीट उघडलंत की संपलंच.

रिवाज असा, की आधी औलियांचे शिष्य, कवी अमीर खुस्रोंची मजार, मग निजामुद्दीन औलियांची. दोघंही 1325 सालीच गेले, औलिया आधी आणि काही महिन्यांनी खुस्रो. औलियांच्या घुमटीत बायकांना आत सोडत नाहीत. त्यांनी बाहेर जाळीशी बसायचं. याच आवारात शाहजहाँची मुलगी जहाँआराची उघड्या आभाळाखालची कबर आहे, ती बहुतेक जण न बघताच ओलांडतात.

कव्वालीसाठी 'संध्याकाळी 7' ही वेळ डोक्यातून काढा. मोठी मैफल गुरुवारी, मगरिबच्या नमाजनंतर असते आणि इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजला थांबते. मगरिब सूर्यास्ताला. डिसेंबरात दिल्लीत सूर्य साडेपाचच्या सुमारासच बुडतो, जूनमध्ये सव्वासातनंतर. थंडीत सातला पोचलात तर शेपूट हाती लागेल. सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा धरा. कव्वाल आणि मजार यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात बसू नका, तुम्हाला उठवतील.

कान द्यायचा तो गिरहकडे. मूळ कलाम चालू असताना कव्वाल मध्येच दुसऱ्या कवीच्या ओळी गुंफतो आणि पुन्हा मुखड्यावर येतो. पंजाबी कवी इथे असेच भेटले तर भेटतात. बाबा फरीद हे औलियांचे गुरू, पण त्यांची मजार पाकपट्टणला. बुल्ले शाह कसूरला, शाह हुसैन लाहोरला. तिघेही सरहद्दीपलीकडे. फरीदांचे श्लोक आपल्याला परके नाहीत, नामदेवांची 61 पदं असलेल्या गुरू ग्रंथसाहिबातच तेही आहेत. सिनेमातल्या कव्वालीची फर्माईश करणारे लोक दर गुरुवारी असतात. त्यांच्यात सामील होऊ नका.

गालिबची मजार चौसष्ट खंबा या जुन्या मकबऱ्याला लागून आहे, दिवसाउजेडीच बघा. पाच मिनिटं शांत बसता येईल अशी बस्तीतली ही एकच जागा. बल्लीमारांतली हवेली मात्र वेळ उरला तरच: मूळ घराचा थोडाच भाग उरलाय आणि आत बहुतेक तसबिरी आणि फलक.

जौकसाठी नवी दिल्ली स्टेशनच्या बाजूने मेन बाजारातून अजिबात शिरू नका. दलाल पिच्छा सोडत नाहीत. रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोवर उतरा आणि मुलतानी ढांडा, चिनोट बस्ती असं विचारत जा. 'जौक' म्हटल्यावर दहांपैकी नऊ जण खांदे उडवतात. बहादूरशहा जफरच्या या उस्तादाच्या कबरीवर एकेकाळी सार्वजनिक शौचालय उभं होतं. प्रकरण कोर्टात गेल्यावर जागा मोकळी झाली. फाटकाला कुलूप असेल हे धरूनच जा. 'कौन जाए जौक पर दिल्ली की गलियाँ छोड़ कर' म्हणणाऱ्या माणसाची दिल्लीने ठेवलेली ही कदर. त्याच शेराच्या पहिल्या ओळीत दख्खनमध्ये कवितेला मोठी किंमत आहे असं तो सांगतो, हे इथे उभं राहून जास्तच झोंबतं.

ख्वाजा मीर दर्द यांच्यासाठी दिल्ली गेट मेट्रोवरून रिक्षा करा, जाकिर हुसैन कॉलेजजवळची बस्ती सांगा. उर्दूच्या मोठ्या शायरांतला हा खरोखर सूफी गादीवर बसलेला. मीर तकी मीर दिल्लीत शोधू नका. ते 1810 मध्ये लखनौला वारले आणि कबरही हरवली.

हे सगळं जड वाटत असेल तर खुलताबादला जा. निजामुद्दीन औलियांची संभाषणं 'फवाइद-उल-फुआद'मध्ये लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झी तिथे आहेत, छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. वेरूळची एसटी खुलताबादवरूनच जाते.