मागे कुणीतरी उभे असताना केलेले वेल्डिंग

वेल्डिंगच्या इंटर्नशिपमध्ये पहिले पंधरा दिवस मला होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरणारी मूठ, हातात मिळाला नाही, आणि त्याचे मला फार वाईट वाटले होते. प्लेटच्या कडा ग्राइंडरने तिरप्या करणे, गंज आणि रंग खरवडून धातू उघडा करणे, दोन प्लेटांमध्ये सर्वत्र सारखी 3 मिमी फट ठेवून टाके, म्हणजे प्लेट जागच्या जागी धरणारे छोटे वेल्ड, मारून घेणे, एवढेच काम माझ्याकडे होते. हे टाकेही माझे वरिष्ठच मारत. मी फक्त प्लेट धरून ठेवत असे. फट एका टोकाला अरुंद राहिली तर तेथे धातू मुळापर्यंत पोहोचत नाही, हे पुढे स्वतः जोड भरताना कळले, तेव्हा त्या पंधरा दिवसांबद्दलचे मत बदलले.

उभ्या जोडावर खालून वर जाताना मात्र देखरेख म्हणजे काय ते नेमके समजले. ई 7018 जातीचा 3.15 मिमीचा रॉड होता. त्याचे टोक आणि प्लेट यांच्यामध्ये पेटते ती विजेची ज्योत म्हणजे आर्क. वरिष्ठ माझ्या खांद्यामागे हेल्मेट खाली घेऊन उभे होते आणि मला काही दिसण्यापूर्वीच म्हणाले, "आर्क लांबतेय, आत घे." आवाजावरून त्यांनी ओळखले होते: सलग, दाट चरचर मध्येच फाटल्यासारखी झाली होती. या रॉडची आर्क त्याच्या गाभ्यातील तारेच्या जाडीपेक्षा लांब जाऊ द्यायची नाही, अन्यथा हवा आत शिरते आणि जोडात बारीक छिद्रे राहतात. हे मी वर्गात लिहूनही घेतले होते, पण हाताला ती सवय लागली ती त्या क्षणी टोकल्यामुळेच. तोच दोष जोड थंड झाल्यावर दाखवला असता, तर हाताने नेमके काय केले होते हे मला आठवलेही नसते.

पहिला थर भरून झाल्यावर मी लगेच दुसरा सुरू करणार, तोच त्यांनी थांबवले. चिपिंग हातोडा आणि वायर ब्रश फिरवल्यावर डाव्या कोपऱ्यात स्लॅगची, म्हणजे रॉडच्या आवरणापासून उरणाऱ्या कडक मळाची, काळी रेघ दिसली. वरून कितीही देखणा थर चढवला असता, तरी ती रेघ आतच राहिली असती आणि वाकवून पाहण्याच्या चाचणीत जोड तेथूनच उघडण्याची भीती होती. ती ग्राइंडरने काढून मी तो भाग पुन्हा भरला. म्हणून इंटर्नशिप निवडणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पहिला थर झाकला जाण्यापूर्वी तो कोण तपासणार, हे आधी विचारा. कामाच्या तासांच्या नोंदवहीवर महिन्याच्या शेवटी एकदम सह्या होत असतील, तर ते तास देखरेखीचे नव्हेत.

सुरक्षेच्या बाबतीतही हेच खरे आहे, कारण येथील चुका उशिरा बोलतात. उघड्या डोळ्यांवर आर्कचा प्रकाश पडला तर त्या वेळी काहीच वाटत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना काही तासांनी सुरू होते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर आर्क पेटवण्यापूर्वी वरिष्ठांनी मुलामा काढायला लावला आणि धूर खेचणारा पंखा जवळ ओढला, कारण तो धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

शेवटच्या आठवड्यात ते माझ्या मागे उभे राहत नसत. दोन टेबलांपलीकडे स्वतःचे काम करत असत, आणि माझ्या आर्कचा आवाज बदलला की मान वर करत.